चेंबर उतरवू देत नसेल तर गाडी घेऊ नकोस

कराडच्या एका पोरानं विचारलंय. पुण्यात २००७ ची यामाहा वायझेड १२५, म्हणजे मातीतल्या शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी, विकायला आहे. विकणारा सांगतो, "इंजिन फक्त चाळीस तास चाललंय, प्लास्टिक नवं, स्टिकर नवे, एका किकला सुरू." पोराकडे आधी आरएक्स १३५ होती, त्यामुळे टू-स्ट्रोकची सवय आहे, पण मोटोक्रॉसची गाडी कधी उघडलेली नाही. रविवारी बघायला जाणार आहे. काय काय बघू, किती पाडून मागू, आणि त्यापेक्षा आरएक्सच मातीसाठी तयार करून घेतलेली बरी का, असे तीन प्रश्न.

भावा, चाळीस तास हा आकडा आधी डोक्यातून काढ. या गाडीला किलोमीटरचा काटा नसतो आणि तास मोजणारं मीटर कंपनीतून बसून आलेलं नसतं. कुणी नंतर लावलं असेल तर ते प्लगच्या वायरीला गुंडाळलेलं छोटंसं डबडं असतं. ते बदललं की पुन्हा शून्यापासून सुरू. २००७ ची गाडी आज कितव्या हातात आहे हे त्या विकणाऱ्यालाही धड माहीत नसेल. "चाळीस तास" याचा अर्थ बहुतेक वेळा "माझ्याकडं आल्यापासून मी फार चालवली नाही" एवढाच असतो. तेव्हा तास विचारू नकोस. पिस्टन शेवटचा कधी टाकला, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा दांडा) कधी केला आणि कुणी केला, हे विचार. पिस्टनचं बरेच जण सांगतात. क्रँकचं विचारलं की खोकला येतो.

दोन्ही वेगळं विचारायचं, कारण दोन्हीचं आयुष्य वेगळं. १२५ चा पिस्टन हा ब्रेक पॅडसारखा झिजण्यासाठीच असतो. शर्यतीत उतरणारी पोरं पंधरा-वीस तासांत बदलतात, रविवारी माळावर फिरवणारे चाळीसच्या आसपास नेतात. तुझी आरएक्स एका पिस्टनवर वर्षानुवर्षं गेली असेल, तो हिशेब इथं लावू नकोस. ५४ मिलिमीटर बोअर, ५४.५ स्ट्रोक, आणि खरी ताकद मिळते ती अकरा हजार आरपीएमच्या आसपास. पिस्टनची वेळ टळली की त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, तडकतो, तुकडे खाली क्रँककेसमध्ये पडतात, आणि साध्या पिस्टनच्या कामाचं पूर्ण इंजिन होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. चार-स्ट्रोकमध्ये क्रँक तेलात असतो, बाहेरची हवा त्याच्या वाट्याला येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये शिरतं, क्रँकच्या बेअरिंगवरून, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकावरून फिरतं, आणि मग पोर्टातून, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकातून, वर जातं. म्हणजे फिल्टरमधून चिमूटभर धूळ निसटली तर ती पहिल्यांदा रॉडच्या त्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला (बिग एंडला) लागते आणि जाता जाता पिस्टनला घासते. त्यामुळे गाडी बघताना हवा शिरते ती वाट आणि जळून बाहेर पडते ती वाट, या दोन जागा आधी उघडून बघायच्या. बाकी सगळं त्यानंतर. नवं प्लास्टिक आणि स्टिकर हा सगळ्यात स्वस्त मेकअप आहे, त्याचे मार्क शून्य.

बरोबर काय न्यायचं: चांगली टॉर्च (मोबाइलची नको, पोर्टात तिचा उजेड नीट जात नाही), दहा आणि आठ नंबरचा टी-पाना, प्लग पाना, स्प्रिंग ओढायचा हूक, पांढरं सुती फडकं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं गेज आणि एक रिकामी काचेची बाटली. बाटलीचं पुढं सांगतो.

निघायच्या आधी फोन करून स्वच्छ सांग, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, मला थंड इंजिन बघायचंय." पोचल्यावर गप्पा मारता मारता हात चेंबरवर (इंजिनातून धूर बाहेर नेणारी फुगीर नळी) आणि रेडिएटरवर ठेव. कोमट लागलं तर विचार का चालू केली. मी स्वतः यात फसलोय. काही वर्षांपूर्वी एक १२५ बघायला गेलो, चेंबर चांगलाच गरम होता. मालक म्हणाला, "तुम्ही लांबून येणार, म्हणून आधीच चालू करून ठेवली." चहा पाजला, बिस्किटं दिली. माणूस एवढा अदबीचा की मला पुढं विचारायची लाज वाटली. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पस्तीस-चाळीस किक मारूनही सुरू होईना. गरम असताना जेमतेम जमणारं कॉम्प्रेशन थंडीत उरतच नव्हतं. ब्लॉक उघडला तर रिंगा पिस्टनच्या खाचेत कार्बननं चिकटून बसलेल्या. तेव्हापासून चहा शेवटी घेतो.

थंड गाडी मिळाली की पहिलं काम चेंबर उतरवणं. दोन स्प्रिंगा, दोन-तीन बोल्ट, दहा मिनिटं लागतात. विकणारा म्हणेल, "अहो, कशाला, चालवून बघा की." त्याला सांग की तुझा मेकॅनिक असंच बघायला सांगतो, गॅस्केट फाटली तर पैसे देतो. तरी नाही म्हणाला तर हेल्मेट उचल आणि परत ये. मी खरंच सांगतोय. ज्याला आत काय आहे ते ठाऊक आहे आणि चांगलं आहे, तो स्वतः पाना हातात देतो.

चेंबर निघाला की एक्झॉस्ट पोर्टातून पिस्टनचा पुढचा भाग थेट दिसतो. टॉर्च लावून किक हातानं हळूहळू दाब आणि पिस्टन वर-खाली होताना बघ. पिस्टन नवा असताना त्याच्या अंगावर आडव्या बारीक रेषा असतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, त्या लेथवर उमटलेल्या असतात. त्या अजून दिसत असतील तर पिस्टन खरंच कमी चाललाय. रेषा पुसून अंग गुळगुळीत झालं असेल तर अर्धं आयुष्य संपलं, एवढंच, घाबरायचं नाही. उभे ओरखडे दिसले तर ते धुळीचे. नखाला लागण्याइतके खोल असतील तर ब्लॉकलाही तेच झालंय असं धर. चांदीसारखा चकाकणारा, पुसटलेला पट्टा दिसला तर गाडी एकदा सीज झालीय (पिस्टन तापून ब्लॉकमध्ये अडकलाय) आणि पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला घासून सारवलं गेलंय. रिंगेच्या खाली तपकिरी-काळा डाग स्कर्टपर्यंत उतरला असेल तर रिंगा गॅस धरत नाहीत, जाळ बाजूनं खाली येतोय.

पिस्टन खाली नेलास की मागची भिंत दिसेल. इथं आरएक्सचा अनुभव उलटा पडतो. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये ओतीव लोखंडाचा लायनर असतो. घासला की उद्यमनगरात न्यायचा, पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर बोअर वाढवायचा, मोठा पिस्टन टाकायचा, काम झालं. वायझेडचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असतो आणि आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण मुलामा असतो. तो रिबोअर होत नाही. मुलामा सोलला तर ब्लॉक पुन्हा प्लेटिंगला पाठवायचा किंवा नवा आणायचा, आणि दोन्ही महाग, दोन्हीला वाट बघायची. म्हणून पोर्टाच्या कडा बारकाईनं बघ. मुलामा सुटायला लागतो तो बहुधा कडेपासूनच. करड्या रंगाच्या मध्ये पिवळट-पांढरा ठिपका किंवा खपली दिसली की थांब.

आणखी एक खेळ असतो. प्लेटिंग परवडत नाही म्हणून काही जण ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर ठोकून घेतात. चालत नाही असं नाही, मी स्वतः बसवून दिलेत, पण अॅल्युमिनियमपेक्षा लोखंडातून उष्णता हळू निघते, त्यामुळे पिस्टनची फट जास्त ठेवावी लागते, आणि पोर्टाच्या कडा कारागिराच्या हातावर अवलंबून. ओळखायचं कसं? पोर्टाच्या तोंडाशी दोन-तीन मिलिमीटर जाडीची वेगळ्या रंगाची कड दिसते, जशी विहिरीच्या कठड्याला आतून सिमेंटची रिंग टाकावी तशी. लायनर दिसला आणि विकणारा त्याबद्दल काही बोलला नव्हता, तर तो आणखी काय काय बोललेला नाही याचा विचार कर.

याच वेळी पॉवर व्हॉल्व्हही बघून घे. एक्झॉस्ट पोर्टाच्या वरच्या अंगाला ती पाकळी असते. आरपीएम वाढले की ती वर सरकते. जास्त तेल टाकून हळूहळू फिरवलेल्या गाडीत तिच्यावर डांबरासारखा कार्बन साचतो आणि ती अडकते. बंद अवस्थेत अडकली तर गाडी खालून ओढते पण वर गळा दाबल्यासारखी होते. उघडी अडकली तर खालचा जोर नाहीसा. साफसफाईनं बहुधा सुटते, म्हणून हा सौदा मोडण्याचा मुद्दा नाही, भाव पाडण्याचा आहे.

आता दुसरी वाट. सीट काढ, एअर फिल्टर बाहेर काढ. फिल्टर मळका असला तरी चालेल, चालवलेली गाडी आहे. बघायचं ते फिल्टरच्या पलीकडं. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट घाल आणि गोल फिरव. फडकं तेलकट पण स्वच्छ आलं तर मालक शहाणा. त्याच्यावर तांबडी पूड आली, तर कोकणची असो की आपल्या पन्हाळ्याकडची, ती माती थेट क्रँकपर्यंत पोचलेली आहे. फिल्टर बसतो त्या कडेला ग्रीसचा हात फिरवलेला असतो का तेही बघ. तेवढा एक हात न फिरवल्यानं मी गेलेले क्रँक पाहिलेत. ही बोटाची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मला गाडीबद्दल जेवढं ती सांगते तेवढं विकणाऱ्याचं अर्ध्या तासाचं बोलणं सांगत नाही.

इथंच सहज विचार, "पेट्रोलमध्ये तेल किती घालता?" आरएक्सला ऑइल पंप असतो, वेगळ्या टाकीत तेल भरलं की पंप बघून घेतो. वायझेडला पंपच नाही. टाकीत मिसळूनच भरायचं. यामाहाचं सांगणं तीसास एक, म्हणजे लिटरमागं साधारण ३३ मिली. तो म्हणाला "पस्तीस मिली, मोजून", ठीक. "अंदाजानं टाकतो", मग तूही अंदाजानं भाव सांग. आणि "ते पंप करतो ना" असं म्हणाला तर ती गाडी त्यानं कधी पेट्रोल भरून चालवलेलीच नाही.

बाटली आता. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेनचा स्क्रू असतो. तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घे आणि उजेडात धर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी मागच्या हंगामापासून उभी असेल तर तळाशी पाण्याचा थेंब वेगळा पडलेला दिसतो, किंवा पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. वाटीत पाणी म्हणजे क्रँककेसमध्येही ओल पोचली असण्याची शक्यता, आणि बेअरिंगला गंजाचा एक ठिपका पुरतो. शिवाय पेट्रोल बदललं तरी कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) जुनेच असतील तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि इंजिन तापतं. घेतलीस तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघत बसावं लागेल. तो माझा आवडता उद्योग आहे, त्यावर वेगळं कधीतरी.

चेंबर परत बसवायच्या आधी क्रँक तपास. डाव्या बाजूचं मॅग्नेटचं झाकण स्क्रू सोडवून काढ. आत कोरडं ठणठणीत असायला हवं. तेलकट ओल, काळपट चिकटा दिसला तर डाव्या बाजूचं क्रँक सील गळतंय. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धर आणि वर-खाली हलव. काडीइतकीही ढिलाई जाणवली तर मेन बेअरिंग गेलं. मग प्लग काढून भोकातून लाकडी काडी पिस्टनवर टेकव, पिस्टन अर्ध्या वाटेवर आण आणि फ्लायव्हील किंचित पुढं-मागं हलव. फ्लायव्हील हललं की काडी लगेच हलली पाहिजे. मध्येच एखादी "टक" जाणवली आणि काडी तेवढ्यापुरती जागीच राहिली, तर रॉडच्या वरच्या किंवा खालच्या बेअरिंगला ढिलाई आहे. यासाठी हात जरा सरावाचा लागतो. शनिवारी माझ्याकडं आलास तर एका चांगल्या आणि एका गेलेल्या इंजिनवर दाखवतो, फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही.

प्लग काढलेलाच आहे, तर गेज लाव. अॅक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवायचा (हे विसरलं की आकडा उगाच कमी येतो) आणि सात-आठ दणकट किका मारायच्या, काटा वाढायचा थांबेपर्यंत. माझ्या गेजवर धडधाकट १२५ दीडशे ते एकशे ऐंशी पीएसआय दाखवते. एकशे वीसच्या खाली असेल तर पिस्टन-रिंगा घरी नेल्या नेल्या. पण गेजागेजात फरक असतो, लांब नळीच्या गेजवर आकडा कमी येतो, म्हणून तुझ्या गेजवर आधी एखाद्या चांगल्या गाडीचा आकडा घेऊन ठेव. आणि आकडा चांगला आला म्हणून पोर्टातून बघणं टाळू नकोस. ओरखडे पडलेल्या पिस्टनवर नव्या रिंगा टाकल्या की आठवडाभर काटा छान चढतो.

मग गाडी चालू कर. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघड, पाणी कुठवर आहे बघ, रंग बघ. आपल्याकडे कूलंट संपलं की नळाचं पाणी ओतायची सवय आहे. पाणी गढूळ, गंजकट असेल तर हेड आतून खाल्लेलं असू शकतं. झाकण उघडं ठेवूनच किक मार. एखाददुसरा बुडबुडा आला तर हरकत नाही, पण सोडावॉटरसारखे एकसारखे येत राहिले तर हेडची गॅस्केट गेलीय आणि जळता वायू पाण्यात घुसतोय. मग लगेच बंद कर, झाकण लाव. गरम झाल्यावर झाकणाला हात लावायचा नाही, हे तुला सांगायला नको.

थंड टू-स्ट्रोक सुरुवातीला धूर देणारच, तो निळसर असतो आणि मिनिट-दोन मिनिटांत पातळ होतो. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि जळक्या गिअर तेलाचा वास येत असेल तर उजव्या बाजूचं सील गेलंय, इंजिन गिअरबॉक्समधलं तेल पितंय. अशा वेळी मालक म्हणतो, "टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच." गिअर तेलाचं झाकण उघडून बोट बुडव. तेलाला पेट्रोलचा वास असेल तर तेच सील उलट बाजूनंही सोडतंय. तेल दुधाळ, चहात साय मोडल्यासारखं दिसलं तर पाण्याच्या पंपाचं सील गेलं. ते मात्र स्वस्तातलं काम आहे.

डावं सील गेलं असेल तर धूर येत नाही, त्यामुळे ते जास्त घातक. तिथून कोरडी हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी एखाद्या लांब चढावर पूर्ण रेसमध्ये सीज होते. त्याची खूण कानाला कळते: रेस देऊन सोडलीस की आवाज लगेच खाली यायला हवा. सोडल्यावरही इंजिन दोन-तीन सेकंद वरच लटकत राहिलं, मग सावकाश उतरलं, तर कुठून तरी हवा शिरतेय. कार्बोरेटरची रबरी नळी तडकलेली असू शकते, नाही तर सील. माझ्याकडे आणलेल्या प्रत्येक इंजिनाला मी दोन्ही तोंडं बंद करून सहा पीएसआय हवा भरतो आणि सहा मिनिटं काटा बघत बसतो. विकणाऱ्याच्या दारात ते जमणार नाही, म्हणून कान.

चालवून बघताना मोकळं मैदान माग, सोसायटीतल्या रस्त्यावर काही कळत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला जोर लावून ओढ आणि गिअर निसटतो का बघ. निसटला तर इंजिनाच्या दोन्ही फाका वेगळ्या कराव्या लागतात, ते मोठं काम. क्लच दाबून पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढं ओढत असेल तर क्लचच्या हाउसिंगला प्लेटांनी खाचा पाडल्यात. किक मध्येच सटकली तर तिचा रॅचेट झिजलाय.

बाकीचं पटपट. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक खालून उचल. टणक लागण्याआधी पोकळ हलत असेल तर लिंकेजची, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांची, बेअरिंगं गंजली. जेट-वॉशरनं रोज धुतलेल्या गाडीत हे नेमानं असतं. हँडल सरळ असताना एका जागी खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलच्या मुळातली बेअरिंगं) बदल. पुढच्या फोर्कवर तेलाची कड आहे का आणि नळीवर दगडाचा टवका आहे का, ते बोटानं चाचप. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकडे, चेन मागून ओढल्यावर दातावरून उचलते, रिमला खड्डा, सैल स्पोक: हे सगळं खर्चाच्या यादीत लिहायचं, काळजीच्या नाही. काळजीची एकच जागा, फ्रेम. २००५ पासून वायझेडची फ्रेम अॅल्युमिनियमची आहे. फुटरेस्टचे ब्रॅकेट, खालचा पाळणा आणि डोक्याशी असलेले वेल्डिंगचे जोड टॉर्चनं बघ. कंपनीचं वेल्डिंग आणि गल्लीतलं वेल्डिंग यातला फरक कळायला डोळे पुरतात. तडा किंवा पुन्हा केलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडी फुकट दिली तरी उडी मारायला वापरू नकोस.

कागदांचंही ऐक. या गाडीला लाइट नाही, इंडिकेटर नाही, ती रस्त्यासाठी बनलेलीच नाही. आरटीओत नोंद होत नाही, त्यामुळे आरसी नसणार. ते गृहीतच धर. पण आयातीचं बिल ऑफ एन्ट्री, आधीच्या विक्रीची पावती, यातलं काहीतरी हवं, आणि त्यावरचा नंबर हँडलच्या मुळाशी ठोकलेल्या फ्रेम नंबरशी जुळायला हवा. नंबर घासून पुन्हा ठोकलेला वाटला तर एक शब्द न बोलता निघ. कुणी म्हणालं, "आरसी आहे की," तर ती कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची आहे. तसली नंबर प्लेट लावून कराडच्या नाक्यावर जाऊ नकोस, तो सरळ गुन्हा आहे. गाडी टेम्पोत घालून न्यायची, टेम्पोत घालून आणायची.

आता भाव. मी रुपयांचा आकडा सांगणार नाही, कारण सुटे भाग बाहेरून येतात आणि त्यांचे दर सारखे बदलतात. शुक्रवारी दोन दुकानांत फोन कर आणि पाच गोष्टींचे आजचे भाव कागदावर लिही: पिस्टन किट, टॉप एंड गॅस्केट, रॉडसकट क्रँक किट, मेन बेअरिंग आणि दोन्ही सील. भाग यायला किती आठवडे लागतील तेही विचार. मग हिशेब सोपा आहे. पिस्टन घातल्याची पावती नाही तर पिस्टन आणि गॅस्केट तुझ्या खर्चात धर. क्रँकची पावती नाही तर तोही धर. तो शपथेवर काहीही सांगू दे. कागद त्याच्यासमोर उघडून ठेव आणि मागितलेल्या किमतीतून वजा कर. माझा अनुभव असा की आपण घासाघीस केली तर समोरचा चिडतो, पण भागांची यादी दाखवली तर चिडत नाही, फार तर म्हणतो "क्रँकचं अर्धं धरा". तिथं अर्ध्यावर ये. आणि घेतलीस तर पहिल्या रविवारी चालवायची नाही. आधी ब्लॉक उचलून माप घ्यायचं, फिल्टर, गिअर तेल, कूलंट बदलायचं.

आरएक्सचा प्रश्न राहिला. १३५ चं उत्पादन २००५ मध्ये थांबलं तरी भाग आजही गल्लीबोळात मिळतात, रिबोअर होते, बिघडली तर कराडातला कुठलाही जुना मिस्त्री सुरू करून देईल. मातीवर शिकायला ती वाईट नाही, आपल्याकडची कितीतरी पोरं तिच्यावरच शिकली. पण वायझेडचा पुढचा फोर्क तीनशे मिलिमीटर दबतो. आरएक्सच्या फोर्कला आणि फ्रेमला उडीचा मार माहीतच नाही. दोन-तीन हंगामात फ्रेम हँडलच्या मुळाशी तडकते, मग पट्ट्या मारत बसायचं. शिवाय कागदपत्रं स्वच्छ असलेली आरएक्स आज मातीसाठी कापायची म्हणजे जिवावर येतं. तुला फक्त माळावर फिरायचं असेल तर आधीच कापलेली, कुणीतरी तयार केलेली आरएक्स शोध. उड्या मारायच्या असतील तर ही वायझेड बघ, पण वर सांगितल्याप्रमाणे चेंबर उतरवून.

शनिवारी चारनंतर मी दुकानात आहे. गेज आणि स्प्रिंगचा हूक घेऊन जा. गेजच्या डबीत प्लगच्या आट्यांचे दोन अॅडॉप्टर आहेत. मोजून घे, मोजून आण, मागच्या वेळी एक साताऱ्याला राहिला तो अजून आलेला नाही.